रिकाम्या खिशांचं जॅकेट

१

साबियाने जॅकेट काउंटरवर ठेवलं तेव्हा ते हॉस्पिटलच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. पिशवीची गाठ इतकी घट्ट होती की तिने मास्क हनुवटीवर ओढला आणि ती दाताने सोडवली. २०२१ चा मे महिना होता. तेव्हा कुणी मास्क खाली केला की समोरची माणसं दोन पावलं मागे सरत. आम्ही कुणी सरलो नाही.

“झिशानचं आहे,” ती म्हणाली. “हात घालून बघा.”

झिशान तिचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा. जेवणाची, औषधांची पार्सलं पोचवायचा. रविवारी दुपारी चाकण रस्त्यावर त्याची गाडी खडीवरून घसरली आणि तो दुभाजकाच्या दगडावर पाठीवर आपटला. हेल्मेटला ओरखडासुद्धा नव्हता. सोमवारी त्याला माती दिली आणि मंगळवारी त्याची बहीण आमच्या दुकानात उभी होती.

मी हात घातला. जॅकेट मीच शिवलेलं, त्यामुळे वाट माहीत होती. कोपराचा खिसा रिकामा. दुसऱ्या कोपराचा रिकामा. दोन्ही खांदे रिकामे. पाठीचा मोठा खिसा, ज्यात तळहाताएवढ्या जाडीचा फोमचा पॅड असतो आणि ज्यासाठी माणूस असलं जॅकेट उन्हाळ्यात अंगावर वागवतो, तोही रिकामा.

“पाच पॅड,” साबिया म्हणाली. “पाठीचा असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. असता तर.”

आमचं दुकान थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत. ‘सफर रायडिंग गिअर’. अजीजभाई आतारांनी ते लडाखला जाणाऱ्या हौशी मुलांसाठी काढलं होतं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये लडाखला जाणारे घरात बसले आणि रस्त्यावर उरले ते बिर्याणी पोचवणारे. मग आम्ही त्यांची जॅकेटं, हातमोजे, पाठीवरच्या बॅगा शिवायला लागलो. शटर गुडघ्यापर्यंत वर, गिऱ्हाईक वाकून आत, पोलिसांची गाडी आली की शटर खाली. सप्टेंबरात अजीजभाई गेले. तेव्हापासून दुकान त्यांची बायको ताजुन्निसा चालवते. आम्ही तिला आपा म्हणतो. ती दुकानाच्या वरच राहते. तिचा दीर अजिम फोन आणि विक्री बघतो. मी, जयमाला, कापते आणि शिवते. आणि बिरू जॅकेटं धुतो, पॅड बसवतो.

धुणं हा लॉकडाऊनचा नियम होता. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक जॅकेटातले पॅड काढायचे, जॅकेट गरम पाण्यात, पॅड गच्चीवर तीन दिवस उन्हात. आजाऱ्याच्या घरात शिरून आलेली कुठलीही वस्तू तीन दिवसांशिवाय जॅकेटात जाणार नाही. नियम आपांचा होता आणि अजीजभाईंना पोचवून आल्यावर त्यांनी तो केला होता, म्हणून कुणी त्यावर बोलत नसे.

झिशानचं जॅकेट चेन बदलायला आलं होतं. शनिवारी संध्याकाळी ते बिरूने त्याच्या हातात दिलं.

अजिमभाई बिरूकडे वळले. बिरू म्हणाला की पाचही पॅड त्याने घातले होते. मार्चपासून बाहेरून पॅड येणं बंद होतं, मागणारे दहा होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणी बोललं नाही, पण दुकानात ते ऐकू आलं.

“शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा,” साबिया म्हणाली. “नाहीतर मी याचं नाव घेऊन चौकीत जाते. मेलेल्याच्या अंगावरचं काढून विकणाऱ्याला काय कलम लागतं ते मला माहीत नाही, ते लोक शोधतील.”

आपा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चहा घेऊन उभ्या होत्या. त्या चहा तसाच घेऊन परत वर गेल्या. साबिया जॅकेट ठेवून गेली, आणि संध्याकाळपर्यंत डिलिव्हरीवाल्या पोरांच्या ग्रुपवर बिरूचा फोटो फिरत होता.

बुधवारी बिरू कामावर आला नाही.

२

मी पोलीस नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढचं मशीनवर आणि रद्दीतल्या पुस्तकांतून. पण तीस वर्षं कापड कापलं की एक वाईट खोड लागते. कुठलीही वस्तू सपाट पसरून, तिचे तुकडे कुठे जोडलेत ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

बुधवारी सकाळी मी जॅकेट कापायच्या टेबलावर उलटं करून पसरलं.

अस्तर ओलं होतं. रविवारपासून पिशवीत कोंडलेलं, त्यामुळे वाळलं नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, घाम. पण घाम मानेला येतो, काखेत येतो. तिथे अस्तर कोरडं होतं, मीठ उमटलेलं होतं. ओल होती ती नेमकी पाच खिशांत. आणि रक्ताची नव्हती, नुसत्या पाण्याची. कडेने धुळीची बारीक रेघ धरलेली.

मी खडू घेतला आणि ती रेघ गिरवली.

आमचा कोपराचा पॅड वाटीसारखा, गोल कडांचा. पाठीचा वर रुंद, कमरेशी निमुळता. खडूने जे आकार उमटले ते तसले नव्हते. चौकोनी होते. साबणाच्या वडीसारखे, काटकोनी, चार लहान आणि पाठीवर एक मोठा.

म्हणजे रविवारी झिशानच्या जॅकेटाचे खिसे रिकामे नव्हते. पॅडच्या जागी दुसरं काहीतरी होतं, आणि त्याला पाणी सुटत होतं.

अजिमभाई उशिरा आले. त्यांना मी आकार दाखवले नाहीत, नुसतं विचारलं की नव्या पॅडचा साठा मोजू का. त्यांचा चेहरा पडला. मी मोजला. बारा सेट कमी होते.

“जयमालाताई, वहिनीला सांगू नका,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग सगळं बाहेर आलं. पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानदाराला त्यांनी ते बारा सेट दिले होते, बदल्यात चेन आणि बकलं घेतली होती, कारण चेन नसतील तर दुरुस्तीचं कामच थांबलं असतं. आपांना विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या. रायडरच्या जॅकेटातून पॅड कमी करायचे नाहीत, असं अजीजभाई म्हणायचे.

“मग काल बिरूकडे असे का बघत होता?”

“मला वाटलं, आता सगळे मोजायला लागतील.”

निदान खरं बोलले. ते बारा सेट कोरे होते, पिशवीबंद. झिशानचे जुने होते. जुना, घामट पॅड कोण विकत घेईल? आणि शनिवारी सकाळपासून सोमवारी रात्रीपर्यंत अजिमभाईंची इमारत सील होती, खाली पत्रे ठोकलेले. एक पेशंट निघाला होता. त्यांनी स्वतः खिडकीतून दोरीने दूध वर घेतल्याचा व्हिडिओ आम्हाला पाठवला होता.

राहिला खुद्द झिशान. उकडतंय म्हणून पॅड काढणारी पोरं मी बघितली आहेत. पण ती मग तिथे बर्फ घालत नाहीत.

बर्फ. हा शब्द मनात आला आणि मी खडू खाली ठेवला.

३

गच्चीच्या तीन किल्ल्या. एक बिरूकडे, एक आपांकडे, एक दुकानात खिळ्याला.

बिरूची दोरी नेहमीसारखी होती. धुतलेल्या प्रत्येक जॅकेटाचे पाच पॅड एकत्र, अस्तराच्या कापडाच्या चिंधीने बांधलेले, चिंधीवर नंबर आणि तारीख. जॅकेटात घालताना तो चिंधी सोडतो आणि खिशात टाकतो. घरी जाताना त्याचे खिसे असे फुगलेले असतात की कुणाला वाटावं, पोराने डबा खाल्लाच नाही.

मी सगळे सेट तपासले. झिशानचा नंबर नव्हता. म्हणजे बिरूने ते पॅड खाली नेले होते, इतकं नक्की. घातले की विकले, ते दोरी सांगणार नव्हती.

मग पाण्याच्या टाकीमागे, सावलीत, मला प्लॅस्टिकचा उपडा टब दिसला. त्याच्यावर वीट ठेवली होती.

टबाखाली स्वच्छ पंच्यावर पाच पॅड होते. दोन कोपर, दोन खांदे, मध्ये पाठ. पाठीच्या पॅडचा खालचा डावा कोपरा कात्रीने गोल केलेला होता. डिसेंबरात झिशान म्हणाला होता, मावशी, बसलं की टोचतंय, आणि मी तो त्याच्यासमोर कापून दिला होता. असा कापलेला दुसरा पॅड या दुकानात नाही.

पाचांना चिंधी नव्हती.

मी टाकीला टेकून बसले. कठडा तापला होता, पाठ भाजत होती, तरी बसले. बिरू न बांधता पॅड कधी ठेवत नाही. तो झोपेतही ठेवणार नाही. चिंधी नाही याचा अर्थ पॅड एकदा जॅकेटात गेले होते. बिरूने घातले होते, तो खरं बोलत होता. ते नंतर कुणीतरी काढले, इथेच, या इमारतीत, आणि काढणाऱ्याने ते विकले नव्हते की फेकले नव्हते. झाकून, वीट ठेवून, जपले होते. परत घालायचे असल्यासारखे.

शनिवारी संध्याकाळी जॅकेट गेलं. रविवारी दुपारी झिशान गेला. मधल्या वेळात तो इथे परत आला होता, आणि तेव्हा दुकान बंद होतं.

मी टब होता तसा ठेवला. खाली आले तर आपा दारात उभ्या होत्या.

“ऊन किती आहे वर,” त्या म्हणाल्या. “काय बघत होतीस?”

“वाळलेत का ते,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पण त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

४

गुरुवारी सकाळी स्कूटी काढली. मोशीजवळच्या नाकाबंदीवर सांगितलं की चाकणला कांदे आणायला चाललेय. हवालदाराने माझं वय, माझी पिशवी आणि माझी स्कूटी बघितली आणि जा म्हणाला. बायका कांद्यासाठी कुठेही जातात यावर महाराष्ट्र पोलिसांचा विश्वास आहे.

बिरूचं घर चाकणच्या अलीकडे, रस्त्याला लागून. समोरून कंपन्यांच्या बसगाड्या जात होत्या, एका सीटवर एक माणूस बसवून. बिरू घरात होता, पण बाहेर आला नाही. आई, कुशाबाई, ओट्यावर कांदे निवडत होती. तिने मला लांब बसवलं, तांब्याही लांबूनच सरकवला.

तिच्या पोराचा फोटो गावातल्या मोबाइलांवर येऊन गेला होता. सकाळी दुधाला गेली तर दूधवाल्याने विचारलं होतं, मयताचं काढलं का म्हणून. हे तिने कांद्यांकडे बघत सांगितलं.

“रविवारी बिरू कुठं होता?” मी विचारलं.

“हितंच. कांदा भरीत व्हता दिसभर. त्यो पोरगा पडला तवा ह्योच धावला पहिला. अंबुलन्सला फोन ह्येनंच लावला.”

ते बिरू आम्हाला बोलला नव्हता. मी तसं म्हटलं, तेव्हा आतून आवाज आला. “काय सांगायचं? वाचवला असता तर सांगितलं असतं.”

झिशान पडला ती जागा कुशाबाईच्या ओट्यावरून दिसते. मी विचारलं, तो चाकणला माल घेऊन चालला होता ना? ग्रुपवर सगळे तसंच म्हणत होते, मीही तसंच धरून चालले होते.

“न्हाई वं. त्यो चाकणकडनं मोशीकडं निघाला व्हता. परतीला. हितं थांबला की घडीभर. म्या पानी दिलं. जाकिटाची चेन उघडली व्हती त्येनं. म्हनला, आजी, आता हलकं हलकं वाटतंय.”

“बॅग होती पाठीवर?”

“मोकळी. गाडीला लटकत व्हती.”

बिरू शेवटी दारात आला. दाढी वाढलेली. झिशानच्या कंपनीच्या फोनवर रविवारी चाकणची एकही ऑर्डर नव्हती, हे त्याला दुसऱ्या पोराकडून कळलं होतं. म्हणजे झिशान कुणाचं तरी खासगी काम करून परतत होता. जे न्यायचं होतं ते पोचलं होतं, आणि खिसे रिकामे झाले होते.

“जयाताई,” बिरू म्हणाला, “मी पॅडवर टकटक करून जॅकेट देतो. पाची ठिकाणी. झिशान हसायचा, म्हणायचा, दार उघडायचं का. शनिवारी पण हसला.”

“मला माहीत आहे तू घातलेस.”

“कसं माहीत?”

मी चिंधीचं सांगितलं. तो उंबऱ्यावर खाली बसला आणि हाताने तोंड झाकलं. कुशाबाईने निवडलेल्या कांद्यातला एक पुन्हा न निवडलेल्यात टाकला.

“मग काढले कुणी?” तो म्हणाला.

परतीच्या रस्त्यावर मी अगदी हळू चालवत होते. कारण उत्तर मला मोशीच्या आधीच मिळालं होतं, आणि ते घेऊन थेरगावला पोचायची मला घाई नव्हती.

५

दर उन्हाळ्यात, दुपारी तीनला, वरून सब्जाचं थंड सरबत यायचं. अजीजभाई होते तेव्हापासून. या वर्षी आलं नाही. आपा म्हणाल्या होत्या, गार नको, घसे धरतील. आजाराचे दिवस, कुणाला खटकलं नाही. एकदा मी बोटाला सुई लागली म्हणून बर्फ मागायला वर गेले होते, तर त्यांनी दार अर्धवट धरून फ्रिज बिघडलाय म्हणून सांगितलं. दाराच्या फटीतून फ्रिजचा आवाज मला ऐकू येत होता.

मी वर गेले. आपा तांदूळ निवडत होत्या. मी खडूने काढलेले आकार कागदावर उतरवून आणले होते, ते त्यांच्यासमोर ठेवले.

“हे बर्फाच्या पिशव्यांचे आहेत,” मी म्हणाले. “औषधाच्या थर्माकोलच्या खोक्यात येतात तसल्या. झिशानने रविवारी पॅडच्या जागी ह्या घातल्या आणि चाकणला गंगाजलासारखं जपून काहीतरी थंड नेलं. ते पोचवलं, पिशव्या तिथेच ठेवल्या आणि परत निघाला. पॅड त्याने या इमारतीत काढले, गच्चीवर टबाखाली आहेत. रविवारी बिरू गावाला होता. अजिमभाई पत्र्यामागे होते. दुकानात फ्रिज नाही.”

आपांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“पुढचं तुला माहीतच आहे,” त्या म्हणाल्या.

“नाही. काय नेलं ते माहीत नाही.”

त्या उठल्या आणि त्यांनी फ्रिज उघडला. भाजी नव्हती, दूध नव्हतं. वर बर्फाच्या निळ्या पिशव्यांच्या थप्प्या, खाली स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळलेल्या काचेच्या कुप्या.

“काळ्या बुरशीचं इंजेक्शन,” आपा म्हणाल्या. “दुकानात मिळत नाही. सरकार मोजून हॉस्पिटलला देतं, हॉस्पिटल म्हणतं संपलं. आणि ज्याचा माणूस कोर्स पुरा व्हायच्या आत जातो, त्याच्या घरी दोन-चार उरतात. ते लोक रडत बसतात आणि कुप्या फ्रिजच्या दारात राहतात. अजीजच्या वेळी आमच्याकडेही राहिलं होतं असंच, दुसरं औषध. भोसरीच्या एका बाईला देऊन टाकलं. ती जगली. मग एकाने दुसऱ्याला माझा नंबर दिला.”

गेलेल्याच्या घरून आणायचं, जगणाऱ्याच्या घरी पोचवायचं. कुणाकडून काही घेतलं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मी ते मानते. पण नाकाबंदीवर बॅगा उघडत होते, आणि असली कुपी खासगी माणसाजवळ सापडली की काळाबाजार. झिशाननेच खिसे दाखवले. एकाच जागी ठेवलं तर फुगवटा दिसतो, म्हणून सहा कुप्या पाच खिशांत वाटलेल्या, पाठीच्या मोठ्या खिशात दोन, आणि प्रत्येक खिशात एक थंड पिशवी.

“पॅड बॅगेतून नेऊन परतताना घालता आले असते, आपा.”

“तो तेच म्हणाला.” आपांनी एक कुपी पुन्हा कापसात नीट गुंडाळली. “मीच नको म्हटलं. पेशंटच्या घरात शिरलेली वस्तू तीन दिवस आत घालायची नाही. तुझे पॅड इथे ठेव, स्वच्छ राहतील. मी स्वतः धुतलेल्या पंच्यावर ठेवले, जयमाला. आजार त्याच्या अंगाला लागू नये म्हणून.”

खाली कुणाची तरी गाडी थांबली, शटर वाजलं, अजिमभाईंनी नंतर या म्हणून सांगितलं.

“आणि बिरू?” मी विचारलं.

“दोघांचे कोर्स अर्ध्यावर आहेत. मी आज बोलले तर पोलीस हा डबा नेतील, आणि ते दोघं जातील. शनिवारी त्यांचं पुरं होतं. शनिवारी मी स्वतः चौकीत गेले असते.”

“साबिया शुक्रवारी जाणार आहे.”

“एक रात्र आत काढली असती त्याने. मी सोडवून आणलं असतं.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “मला वाटलं, बिरू सोसेल.”

पंधरा वर्षं मी या बाईच्या दुकानात काम केलं. माझ्या सिझेरियनच्या वेळी रक्त हिने दिलंय. त्या वाक्यानंतर मला तिच्या घरात बसवेना.

“डबा मला द्या,” मी म्हणाले. “उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर साबियाकडे येणार.”

त्या बराच वेळ फ्रिजचं दार धरून उभ्या राहिल्या. थंड हवा बाहेर जात होती.

मग त्यांनी डबा दिला. त्या कुप्या त्या दोघांना मिळाल्या. कशा, ते मी इथे लिहीत नाही.

६

साबिया काळेवाडीत एका खोलीत राहते. झिशानला तिनेच वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. आपांनी पॅड तिच्यासमोर चटईवर ठेवले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. थंड पिशव्या, कुप्या, तो परतताना पॅड घालतो म्हणालेला, आणि आपण नको म्हटलेलं. शेवटचं त्यांना लपवता आलं असतं. लपवलं नाही.

साबियाने जॅकेट मागितलं. ती एकेक पॅड खिशात घालू लागली. पाठीचा उलटा जात होता. मी हात पुढे केला, तर तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतः काढून सुलटा घातला. पाचही बसल्यावर ते जॅकेट आत माणूस असल्यासारखं फुगलं.

“कुणाला दिलं त्याने?” तिने विचारलं.

“शालनबाई म्हणून आहेत चाकणला. एक डोळा काढावा लागला. पण आहेत.”

“त्यांना माहीत आहे का, आणणारा मेला?”

आपांनी मान हलवली. नाही.

“सांगू नका,” साबिया म्हणाली. मग म्हणाली, “आता फोन काढा. ग्रुपवर तुमच्या आवाजात बोला. आधी बिरूचं नाव घ्या.”

आपा म्हणाल्या की तो ग्रुप पोलिसांपर्यंत जातो. साबियाने जॅकेटाची चेन वरपर्यंत लावली.

आपा दोन मिनिटं चाळीस सेकंद बोलल्या. सुरुवात केली ती अशी: “बिरूने पॅड घातले होते, काढायला लावले मी.” पॅड असते तर झिशान वाचला असता का, हे आज लिहितानाही मला ठाऊक नाही. डॉक्टर ‘असता तर’ म्हणतात, आणि ते घरी जातात.

शनिवारी पोलीस आले, फ्रिज मोकळा सापडला, तरी आपांचा जबाब झाला आणि दुकानाला पंधरा दिवस सील लागलं. केस अजून चालू आहे. तारीख असली की अजिमभाई त्यांना घेऊन जातात.

सील लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आपा म्हणाल्या, बिरूकडे जाऊ. स्कूटीवर मागे बसल्या, बुरख्यावर आमच्याच दुकानाचं जॅकेट घालून. बिरूने ओट्यावर सतरंजी टाकली. कुशाबाई आत गेली ती बाहेर आलीच नाही.

आपांनी माफी मागितली. परत कामावर ये म्हणाल्या. बिरू म्हणाला की सोमवारपासून तो कंपनीत लागतोय, कंत्राटावर, बस समोरच थांबते. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे बोलायला काही उरत नव्हतं.

“आपा, एक विचारू?” तो थोड्या वेळाने म्हणाला. “पॅड इथेच ठेव म्हणालात, तेव्हा झिशान काय म्हणाला?”

“बरं म्हणाला.”

“म्हणजे पटलं होतं त्याला?”

आपांनी सतरंजीची सुरकुती हाताने सरळ केली.

“तो तुम्हाला बरंच म्हणायचा,” बिरू म्हणाला. “आम्ही सगळेच म्हणायचो. पहिल्या लॉकडाऊनमध्ये तुम्ही आम्हाला घरी बसवलं नाही, कुणाचं काम तोडलं नाही. मग तुम्ही सांगाल त्याला बरं. मला चार दिवस चोर ठरवलंत, तेव्हा विचारलं असतं, बिरू, चार दिवस चोर होशील का, दोन जिवांचा प्रश्न आहे, तर मी पण बरं म्हणालो असतो. तेवढं विचारायचं होतं.”

जूनच्या मध्यावर दुकान उघडलं. बिरूच्या जागी कुणी ठेवलेलं नाही. जॅकेटं मी धुते, पॅड मी बसवते. तीन दिवसांचा नियम मी बंद केला. पॅड साबणाने पुसायचे, अर्ध्या तासात आत. आपा त्या दिवशी खाली आल्या आणि म्हणाल्या, निदान एक दिवस तरी उन्हात राहू दे, जयमाला.

मी नाही म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. हातातलं काम न थांबवता, त्यांच्याकडे बघून. त्या शटर आणखी वर करायला गेल्या, कारण बाहेर गिऱ्हाईक वाकून उभं होतं.